अकोल्याच्या उन्हातही उभा राहणारा आंब्याचा गार केक (ओव्हन नको, जिलेटिन नको)

दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीच्या वाढदिवसाला मी जिलेटिन घालून आंब्याचा चीजकेक केला होता. फ्रीजमधून काढला तेव्हा अगदी झक्कास, कडा सरळ, वर रसाचा चकचकीत थर. मग सगळ्यांना हाका मारल्या, फोटो झाले, मेणबत्त्या लावायला काडेपेटी सापडेना, त्यात पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, तेवढ्यात वरचा थर कडेनं ओघळायला लागला आणि कापेपर्यंत ताटात रसच झाला. चव छान होती, मुलांनी वाट्यांमध्ये घेऊन चमच्यानं संपवला, पण जिचा वाढदिवस ती हिरमुसली आणि ते माझ्या मनात राहिलं.

चूक कुठे झाली हे नंतर समजलं. जिलेटिन साधारण ३० ते ३५ डिग्रीला विरघळतं आणि मे महिन्यात आमच्याकडे अकोल्यात बाहेर ४४-४५ असतं तेव्हा कूलर लावलेल्या हॉलमध्येसुद्धा ३३-३४ सहज असतं. म्हणजे जिलेटिननं आपलं काम बरोबर केलं, आपण त्याला चुकीच्या गावात आणलं. नेटवरच्या बहुतेक रेसिपी अशा ठिकाणच्या आहेत जिथे स्वयंपाकघरात विशी-बाविशी डिग्री असते, तिथे व्हीप्ड क्रीम उभी राहते, बटर घट्ट राहतं, जिलेटिन टिकतं. आपल्याकडे उन्हाळ्यात यातलं काहीच राहत नाही. म्हणून मी ती रेसिपी सोडून दिली आणि आपल्या घरात जे उन्हात टिकतं त्यावर केक बसवला, दोनच गोष्टी, चक्का आणि चायना ग्रास. चायना ग्रास म्हणजे अगर-अगर, समुद्रातल्या शेवाळापासून काढतात, शाकाहारी आहे त्यामुळे आमच्या सासूबाईंनाही चालतं, आणि एकदा गोठलं की परत पातळ व्हायला त्याला जवळपास ८५ डिग्री लागतात. अकोल्याचं ऊन कितीही असलं तरी तेवढं नाही! गेले दोन उन्हाळे मी हाच केक करतेय, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), पाहुण्यांना, मुलांच्या सुट्टीत, आणि एकदाही ओघळला नाही.

आधी वेळेचं बघा कारण घाईत हा होत नाही. हातानं काम जेमतेम तासाभराचं, पण मध्ये थांबायला लागतं. समजा रविवारी दुपारच्या जेवणाला पाहिजे, तर शुक्रवारी रात्री दही लावायचं, शनिवारी सकाळी दही फ्रीजमध्ये निथळत ठेवायचं, शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर केक लावायचा आणि वरचा थर पण तेव्हाच ओतायचा, रविवारी दुपारी कापायचा. दुपारी १२ ते ५ मध्ये यातलं काहीच करू नका, ओट्याजवळ उभं राहवत नाही आणि फ्रीज पण त्या वेळेला धापा टाकत असतो.

सामान सांगते, ७ इंची गोल डब्यासाठी, ८ ते १० जण खातील. तळाला मारी बिस्किटं १५० ग्रॅम आणि बटर ७० ग्रॅम. मधल्या थराला चक्का ४०० ग्रॅम, आटवलेला आमरस २५० ग्रॅम (त्यासाठी कच्चा रस साधारण ३५० ग्रॅम घ्या), पिठीसाखर १०० ग्रॅम, साधी फ्रेश क्रीम १०० मिली, चायना ग्रासची पावडर दीड छोटा चमचा सपाट म्हणजे ४ ग्रॅमच्या आसपास, ती उकळायला १५० मिली पाणी, चिमूटभर मीठ, वेलदोडा पाहिजे तर. वरच्या थराला रस २०० ग्रॅम, साखर २ मोठे चमचे, चायना ग्रास पावडर अर्धा छोटा चमचा आणि पाणी ६० मिली. पट्ट्यांचं चायना ग्रास मिळालं तर तेही चालतं, मधल्या थराला ६ ग्रॅम घ्या, कात्रीनं बारीक कापून वीस मिनिटं त्याच पाण्यात भिजवा आणि मग उकळा, फक्त पट्ट्या पूर्ण विरघळायला पावडरपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता चक्का. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, बाकी सगळं सोपं आहे. फुल क्रीम दुधाचं दही घ्या, १ किलो दह्याचा साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो, दही घट्ट असेल तर थोडा जास्त. आपल्याकडे पूर्वीपासून दही फडक्यात बांधून खुंटीला टांगतात आणि थंडीत ते बरोबर आहे पण उन्हाळ्यात टांगू नका. दह्यातले जंतू चाळिशीच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतात, म्हणजे मे महिन्यातलं आपलं स्वयंपाकघर त्यांच्यासाठी अगदी आवडीचं, आणि पाच-सहा तास टांगलं की चक्का इतका आंबट होतो की किलोभर साखर घातली तरी जीभ आंबतेच. मी काय करते, एक खोल पातेलं, त्यावर मोठी गाळणी किंवा पिठाची चाळणी, त्यात धुतलेलं सुती फडकं ओलं करून पिळून अंथरायचं, दही ओतायचं, फडक्याची टोकं वर दुमडून त्यावर एक ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या किंवा वरवंटा, आणि हे सगळं उचलून फ्रीजमध्ये. दहा-बारा तासांत मस्त कोरडा चक्का मिळतो आणि आंबट अजिबात नाही. पातेल्यात जमलेलं पाणी टाकू नका, कणिक भिजवायला वापरा, पोळ्या मऊ होतात, किंवा कढीत घाला.

चक्का झाला की नाही हे कसं कळतं? फडकं उघडल्यावर गोळा फडक्यापासून आपोआप सुटला पाहिजे आणि बोटानं खळगा केला तर खळग्यात पाणी जमता कामा नये. पाणी जमलं तर अजून दोन तास ठेवा. इथे कंटाळा केला तर पुढे चायना ग्रास कितीही घाला, दुसऱ्या दिवशी केकच्या खाली पाणी सुटतं आणि बिस्किटाचा लगदा होतो. डेअरीतला तयार चक्का आणणार असाल तर ताजा बघून आणा आणि तो पण एक तास असाच वजनाखाली ठेवा, बहुतेक वेळा त्यातून पाणी निघतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे चक्का मिक्सरमध्ये फिरवू नका. खूप जणी इथे चुकतात. मिक्सरच्या पात्यानं चक्का पातळ पडतो, त्याचा घट्टपणा जातो तो परत येत नाही. पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून हातानं घासून काढा, श्रीखंडाला काढतो तसाच. पाच मिनिटांचं काम आहे आणि अगदी लोण्यासारखा होतो. साखर पण पिठीच घ्या आणि शेवटी घाला कारण साखर घातली की चक्का सैल पडतो, श्रीखंड करणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे.

आंबा कुठला? माझं मत विचाराल तर हापूस मिळाला आणि परवडला तर हापूस, कारण रंग, घट्टपणा आणि वास तिन्ही त्यात आहे. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यामुळे पेटीवर ते बघून घ्यायची सोय झालीये पण पेटीत वरून चांगला दिसणारा हापूस आतून साक्याचा निघू शकतो, म्हणजे कोयीजवळ पांढरट स्पंजासारखा आणि आंबूस. म्हणून एकेक आंबा कापून बघा, चाखून बघा आणि मगच रस काढा, सगळे एकदम पिळले तर एका साक्याच्या आंब्यानं अख्खा रस बिघडतो. केसर हापूसच्या मागून येतो, मे च्या मध्यापासून जूनपर्यंत, मराठवाड्याचा केसर या केकला मला जवळजवळ तेवढाच आवडतो, गोडी जास्त त्यामुळे साखर २० ग्रॅम कमी करा. आमच्या विदर्भात बेगनपल्ली भरपूर येतो, तो स्वस्त आहे आणि रेषा नसतात पण वास मंद असतो, त्याच्यात एखादा गावरान आंबा मिसळला की वास वर येतो. गावरान एकट्याचा रस मात्र पातळ आणि रेषेदार, तो गाळून जास्त आटवावा लागतो. पायरीचा रस खायला अप्रतिम पण पातळ, म्हणून मी केकला घेत नाही, पोळीशी खाते.

एक कळकळीनं सांगते, बाहेरून एकसारखा पिवळाधम्मक आणि देठाजवळ वासच नाही असा आंबा घेऊ नका. कॅल्शियम कार्बाइडनं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे तरी लोक पिकवतात, आणि असा आंबा वरून पिकलेला आतून आंबट निघतो. पेंढ्यात आढी लावून पिकलेल्या आंब्याचा वास पिशवीतून घरभर येतो, त्यात शंका घ्यायला जागाच राहत नाही. आणलेले आंबे तासभर पाण्यात टाकून ठेवा, देठ काढून पहिला चीक पिळून टाका, मग साल काढा.

रस आटवायचा कशाला असं मला जावेनं विचारलं होतं, ताज्या रसाची चव वेगळी असते म्हणून. बरोबर आहे, पण कच्च्या रसात पाणी खूप असतं आणि तो फ्रीजमध्येही दुसऱ्या दिवशी थोडा आंबतो, केक तर आपण दोन दिवस ठेवणार. म्हणून मधल्या थराचा रस आटवायचा, स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात किंवा नॉनस्टिकमध्ये, लोखंडी कढईत नको कारण रस काळपट पडतो. मंद आचेवर हलवत रहा, उडतो फार, लांब दांड्याचा डाव घ्या आणि बाही खाली करा. १०-१२ मिनिटांत ३५० चा २५० झाला की बंद. आणि ताज्या चवीची हौस वरच्या थरात भागवा, तिथला रस मी फक्त कोमट करते, उकळत नाही.

आता तळ. मारी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्यानं बारीक करा, मिक्सरला लावलं तरी चालेल पण पीठ नको, जाडसर रवाळ पाहिजे. पार्ले-जी घेतलं तर गोड जास्त होतं, मग मधल्या थराची साखर थोडी कमी करा, मुलांना मात्र पार्ले-जीचाच तळ आवडतो असा माझा अनुभव आहे. बटर वितळवून त्यात चुरा कालवा, मुठीत दाबल्यावर लाडूसारखा वळला की झालं. तळ सुटणारा केकचा डबा असेल तर उत्तम, नसेल तर साधा स्टीलचा डबा किंवा कुकरचं भांडं घ्या आणि बटर पेपरच्या दोन लांब पट्ट्या अधिक चिन्हासारख्या आत घाला, टोकं बाहेर ठेवायची, नंतर त्या धरून केक उचलता येतो. चुरा घालून वाटीच्या बुडानं घट्ट दाबा, कडेला विशेष, आणि २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. हे टाळू नका. उन्हाळ्यात बटर बाहेर मऊच असतं आणि मऊ तळावर वरचं मिश्रण ओतलं की चुरा सुटून वर तरंगतो. स्टीलचा डबा काचेपेक्षा पटकन गार होतो म्हणून मी स्टीलच घेते.

तळ फ्रीजरमध्ये असताना चक्का बाहेर काढून ठेवा. हो, बाहेर. केक गार करायचाय मग चक्का गार का नको असं वाटेल, पण चायना ग्रास ३५ ते ४० डिग्रीच्या दरम्यानच गोठायला लागतं, फ्रीजमधून काढलेल्या थंडगार चक्क्यात ते ओतलं की क्षणात दोऱ्या आणि गुठळ्या होतात आणि मग कितीही फेटा, जात नाहीत, दाताखाली येतात. या एका ठिकाणी आपला उन्हाळा आपल्या मदतीला येतो! थंडीत हाच केक करायचा तर चक्का कोमट करायला लागतो, मे मध्ये अर्धा तास ओट्यावर ठेवला की तो आपोआप योग्य होतो. अर्धा तासच पण, विसरून दोन तास ठेवू नका.

चक्का पुरणयंत्रातून काढून झाला, त्यात पिठीसाखर, क्रीम, मीठ, वेलदोडा घालून हलक्या हातानं कालवलं, की शेजारच्या गॅसवर आटवलेला रस परत गरम करायला ठेवा, वाफ दिसेपर्यंत. दुसऱ्या छोट्या पातेल्यात १५० मिली गार पाण्यात चायना ग्रासची पावडर टाकून ढवळा आणि मग गॅस लावा, उकळत्या पाण्यात पावडर टाकायची नाही, गोळे होतात. उकळी आल्यावर दोन मिनिटं पूर्ण उकळू द्या, सतत हलवत. उकळी आली म्हणून लगेच बंद केलं तर ते अर्धवट विरघळतं आणि केक उभाच राहत नाही, पातळ राहिला म्हणून ज्या मैत्रिणींचे फोन येतात त्यांचं दहातल्या आठ वेळा इथेच चुकलेलं असतं. चमचा बाहेर काढून उजेडात धरा, पाणी पारदर्शक दिसलं, कण दिसले नाहीत तर झालं.

आता पटापट. उकळतं चायना ग्रास गरम रसात ओता, नीट मिसळा. मग चक्क्याचं मिश्रण या गरम रसात घाला, उलटं नाही, आधी दोन डाव घालून फेटा, मग अजून दोन, मग उरलेलं सगळं. थोडं थोडं घातल्यानं गरम-गारची गाठ हळू पडते आणि गुठळी होत नाही. मिश्रण सैलसर श्रीखंडासारखं दिसेल. चाखून बघा, आत्ता जेवढं गोड वाटतंय त्यापेक्षा गार झाल्यावर कमी वाटतं म्हणून साखर किंचित पुढे पाहिजे. फ्रीजरमधला डबा काढा, मिश्रण ओता, डबा ओट्यावर दोनदा हलके आपटा म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात, आणि फ्रीजमध्ये ठेवा. मागच्या बाजूला, वरच्या कप्प्यात फ्रीजरच्या खाली, दारात किंवा भाजीच्या वर नाही. वरून झाकण लावा पण झाकणाखाली एक कोरडा पातळ रुमाल ठेवा, नाहीतर झाकणाला सुटलेलं पाणी केकवर ठिबकतं. आणि शेजारी कांदा, लसणाची चटणी, कापलेलं खरबूज असलं काही नको, चक्का वास पटकन ओढून घेतो.

वरचा थर कधी ओतायचा याची वेळ महत्त्वाची आहे. साधारण चाळीस-पन्नास मिनिटांनी मधल्या थराला बोट लावून बघा, बोटाला चिकटलं पण आत गेलं नाही तर ती वेळ. पूर्ण कडक झाल्यावर ओतलं तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि कापताना वरचा थर चकतीसारखा सरकतो. झोप लागली आणि सकाळ झाली तरी हरकत नाही, काट्या-चमच्यानं वरून हलक्या रेघा ओढा आणि मग ओता, धरतो. वरच्या थरासाठी ६० मिली पाण्यात अर्धा चमचा पावडर तशीच दोन मिनिटं उकळा, त्यात साखर विरघळवा, आणि कोमट केलेल्या गाळलेल्या रसात मिसळा. ओतताना पातेलं उंच धरू नका, केकवर चमचा उलटा धरून त्याच्यावरून हळू ओता, नाहीतर मधोमध खड्डा पडतो. मग रात्रभर फ्रीज.

सकाळी काढायचा. डब्याच्या कडेनं पातळ सुरी फिरवा, डबा उघडा किंवा पट्ट्या धरून उचला. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एक काप, परत बुडवून पुसून दुसरा काप, अशानं तिन्ही थर स्वच्छ दिसतात. वर आंब्याच्या फोडी आयत्या वेळी ठेवा, आधी ठेवल्या तर पाणी सुटतं. पिस्त्याचे काप बस झाले.

टेबलावर तो आकार सोडणार नाही पण म्हणून दुपारभर बाहेर ठेवू नका. आकार टिकणं वेगळं आणि पदार्थ टिकणं वेगळं, दह्या-क्रीमचा पदार्थ आहे, एवढ्या उन्हात तासाभराच्या आत संपवा नाहीतर परत आत ठेवा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात असतात.

लाईन गेली तर काय? हा प्रश्न आमच्याकडे खरा आहे, मे महिन्यात दोन-तीन तास सहज जाते. पहिलं म्हणजे फ्रीजचं दार उघडू नका, बंद फ्रीज चार तास तग धरतो. त्याहून जास्त वाटलं तर पॉटच्या आईस्क्रीमची युक्ती आठवा, लहानपणी आजोळी लाकडी पॉटमध्ये बर्फ आणि खडेमीठ भरून आम्ही सगळी भावंडं आळीपाळीनं दांडा फिरवायचो. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो. मोठ्या पातेल्यात बर्फाचा चुरा आणि दोन-तीन मुठी खडेमीठ, त्यात केकचा डबा घट्ट झाकण लावून ठेवायचा, वरून जाड गोणपाट किंवा गोधडी. माझा एक केक पूर्ण असाच सेट झालाय. मिठाचं पाणी आत जाणार नाही एवढं बघा, तळ सुटणारा डबा असेल तर त्याला आधी पिशवीत बांधा. दुसऱ्याच्या घरी न्यायचा असेल तरी थर्माकोलच्या खोक्यात तळाला बर्फाच्या पिशव्या ठेवून नेता येतो, गाडीच्या डिकीत ठेवू नका, पायाशी ठेवा, डिकी भट्टी असते.

फ्रीजमध्ये डब्याएवढी जागा नसेल तर ग्लासमध्ये लावा. तेव्हा चायना ग्रास निम्मं करा कारण कापायचा नाहीये, मऊ जास्त छान लागतं, आणि ग्लास दोन-अडीच तासांत तयार होतात. खरं सांगायचं तर चार माणसांच्या घराला रोजच्यासाठी ग्लासच बरे, केक म्हणजे पाहुण्यांसाठी.

आंबा सोडून इतर फळं. करवंदं मिळाली तर नक्की करा, आमची थोरली जाऊ साताऱ्याकडची, ती माहेरून येताना पिकलेली करवंदं आणते. साखर घालून शिजवायची, चाळणीतून घासून बिया आणि साल काढायची, तो गडद रस आंब्याऐवजी वरच्या थराला. खालचा थर साधा चक्का-साखरेचा ठेवायचा म्हणजे पांढऱ्यावर तो जांभळट लाल फार सुंदर दिसतो, आणि आंबट-गोड चवीपुढे आंबा पण मागे पडतो असं मला वाटतं. जूनमध्ये जांभळाचा पण असाच होतो, फक्त जांभळाचा तुरटपणा जायला साखरेबरोबर चिमूटभर मीठ घाला. काळी द्राक्षं उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच संपतात पण मिळाली तर चालतात. अननस, पपई आणि किवी मात्र कच्चे घालू नका. त्यांच्यात प्रोटीन तोडणारी द्रव्यं असतात, जिलेटिन तर त्यांच्यामुळे गोठतच नाही, चायना ग्रासला काही होत नाही कारण ते प्रोटीन नाही, पण चक्का प्रोटीनच आहे आणि काही तासांत तो कडू लागायला लागतो. अननस साखरेत पाच-सात मिनिटं उकळून गार करून घातला तर अजिबात त्रास नाही. कलिंगड कशातच घालू नका, नुसतं पाणी आहे. आणि ताडगोळे मिळाले तर ते या केकमध्ये वाया घालवू नका, सोलून गार नारळाच्या दुधात थोडी साखर घालून ग्लासमध्ये तसेच द्या, त्यांना दुसरं काही लागत नाही.

माझी बहीण दुबईला असते, ती हाच केक लबनेचा (तिकडचं निथळलेलं घट्ट दही) करते कारण तिकडे चक्का सहज नाही पण लबने प्रत्येक दुकानात. लबने खारट आणि जरा आंबट असतं म्हणून ती मीठ घालत नाही आणि साखर ३० ग्रॅम जास्त घालते. रस डब्यातला वापरते, तो बहुतेक गोड केलेला असतो, त्यामुळे डब्यावर वाचून मग साखर ठरवायची, आणि तो आधीच शिजवलेला आणि घट्ट असतो म्हणून आटवायचा नाही, २५० ग्रॅम तसाच गरम करून घ्यायचा.

शेवटचं म्हणजे ठेवायचा किती. फ्रीजमध्ये दोन दिवस छान, तिसऱ्या दिवशी तळ ओलसर होतो आणि चक्का आंबटपणाकडे झुकतो. फ्रीजरमध्ये ठेवून नंतर खाऊ असं करू नका, चायना ग्रास गोठवून परत वितळवलं की त्यातून पाणी सुटतं आणि थर भुसभुशीत होतो. उरलाच तर तुकडे करून फ्रीजरमध्ये टाका आणि गोठलेलेच खा, कुल्फीसारखे, काडी टोचून. आमच्याकडे दुपारी चारला मुलं खेळून येतात तेव्हा तेच मागतात.